खंडेनवमीचा लोखंडी माणूस

आये, परवा बेळगावात मी एका यंत्रासाठी रडलो. तू हसली नसतीस. हसणारे आम्ही होतो. आता पडद्यावरची माणसं बोलायला लागली आहेत, गाणीसुद्धा म्हणतात, तुला खरं वाटणार नाही. धाकटीनं हट्टच धरला म्हणून तिला एका इंग्रजी बोलपटाला नेलं. त्यात एका विद्वानानं घरकामासाठी यंत्राचा माणूस केलेला असतो. तो पाणी भरतो, लाकडं फोडतो, मालकाच्या आजारी मुलीच्या उशाशी बसून राहतो. पुढं त्याच्याहून चांगलं यंत्र येतं आणि ह्याला मोडीत काढायचं ठरतं. मालक किल्ली घेऊन त्याच्यासमोर उभा राहतो तेव्हा तो एवढंच विचारतो, माझं काय चुकलं? पुढच्या बाकावरची कॉलेजातली पोरं फिदीफिदी हसली. धाकटी म्हणाली, बाबा, ते यंत्र आहे ना हो? मी म्हटलं, हो गं बाळ, यंत्रच आहे, आणि धोतराच्या सोग्यानं डोळे पुसले.

तेव्हापासून सुपा गाव आणि तिथला तो दसरा डोळ्यांपुढून हलत नाही. तिथल्या शाळेत मी नुकताच मास्तर झालोय. बाजाराच्या मागं भाड्याची खोली, गळ्यापर्यंत बटणं लावलेला कोट आणि डोक्यात नको तेवढी हवा. दसऱ्याच्या बाजाराला तंबूतला खेळ आला, म्हणून मी तुला डोंगरावरून बोलावून घेतलंय. खंडेनवमीच्या दिवशी घरची पूजा उरकून तू दुपारी खाली उतरलीस. कुऱ्हाड, कोयता, विळा, मुसळ, सगळ्यांना धुऊन, कुंकू लावून, पाटावर बसवून आलेली. आपल्या घरात त्या दिवशी लोखंडाला कामाला लावायचं नाही, भाजीसुद्धा आदल्या दिवशी चिरून ठेवायची. वर्षभर आपल्यासाठी झिजतात, एक दिवस तरी बसू देत, असं तू म्हणायचीस. लहानपणी मी एकदा त्याच दिवशी कोयत्यानं ऊस तोडला. तू मला रागावली नाहीस. कोयत्यापुढं बसून, हात जोडून, माझ्या वतीनं त्याची माफी मागितलीस. त्यापेक्षा दोन धपाटे परवडले असते गं.

दिवे लागायच्या सुमाराला खेळ सुरू झाला. पुढं खुर्च्यांवर हेडमास्तर, जंगलखात्याचे साहेब, आणि कडेच्या खुर्चीवर ताठ मानेनं मी. बायका मागं गोणपाटावर, त्यांच्यात तू. चित्रं तेव्हा मुकी होती. पडद्याशेजारी एक माणूस छडी घेऊन उभा राहायचा आणि गोष्ट एकदा मराठीत, एकदा कानडीत सांगायचा. गोष्ट लोखंडी माणसाचीच होती. तो मालकाची पोती डोक्यावर घेऊन जिना चढतो, वर पोचता पोचता अडखळतो, गडगडत खाली येतो. मालक त्याला लाथ घालतो. तो उठतो, पोतं उचलतो, पुन्हा चढतो, पुन्हा पडतो. दर वेळी तंबूत हशा. मीही हसत होतो, जरा जास्तच, साहेबांना ऐकू जाईल असा.

तेवढ्यात पडद्यावर नऊवारीतल्या बाईची सावली पडली. ती सावली मी लगेच ओळखली. तू पदराची गाठ सोडून घरच्या पूजेचं कुंकू काढलंस आणि थेट त्या लोखंडी माणसाच्या पायांना लावायला लागलीस. पाय जिन्यावर चढत होते, आणि तू बोट पुढं धरून त्यांच्या मागं मागं. पांढऱ्या कापडावर तांबडी बोटं उमटली. खेळवाला ओरडत आला. छडीवाला बरा माणूस होता, त्यानं तुला समजावून सांगायला बघितलं.

"बाई, त्यात जीव नाही हो."

"जीव न्हाई तर दमतोय कसा?" तू म्हणालीस. "आज खंडेनवमी हाय. आज तरी बसू द्या त्याला."

तंबू हसून हसून आडवा झाला. आज वाटतं, त्या सबंध तंबूत खेळ नीट पाहिला तो तू एकटीनं. आम्ही नुसता जिना पाहत होतो. पण हे शहाणपण आजचं. तेव्हा माझे कान तापले होते. हेडमास्तर माझ्याकडं वळले आणि त्यांनी विचारलं, ही बाई तुमच्याबरोबर आलेली दिसली मघाशी, कोण ही?

"आमच्या घरी कामाला असते," मी म्हणालो.

तू तेव्हा परत आपल्या जागेकडं निघाली होतीस, माझ्यापासून चार हातांवर.

खोलीकडं येताना रस्ताभर तू त्या लोखंडी माणसाचंच बोलत होतीस. त्याला कुणी जेवायला घालतं का, त्याला घडवणाऱ्यानं त्याचं नाव तरी ठेवलं असेल का. मला हायसं वाटलं. म्हटलं, हिनं ऐकलेलं नाही. मी पुढच्या दाराचं कुलूप काढलं आणि वळून बघतो तर तू नाहीस. तू घराला वळसा घालून मागच्या दाराशी जाऊन उभी होतीस, कामाच्या बाया उभ्या राहतात तशी, पायरीच्या खाली. मी आतून कडी काढली. तू हातपाय धुतलेस आणि चुलीपाशी बसून तांदूळ निवडायला घेतलेस.

त्यानंतर तू चार वर्षं होतीस. नाचणीचं पीठ, आमसुलं, कधी मधाची बाटली घेऊन यायचीस आणि दर वेळी मागच्या दारानंच यायचीस. शेजारीण विचारायची, तर मी सांगायचो, तिला विहीर जवळ पडते. तू गेलीस तेव्हा मी शाळा तपासणीत अडकलो होतो, पोचेपर्यंत सगळं झालं होतं. परवा त्या यंत्रानं माझं काय चुकलं म्हणून विचारलं तेव्हा मला तो आवाज तुझा वाटला. तू तर कधी विचारलंही नाहीस. आये, तू हवी होतीस गं. तुला पुढच्या खुर्चीवर बसवून हा खेळ दाखवायचा होता. तू उठून पडद्याकडं निघाली असतीस, तर ह्या वेळी मी तुझ्यामागून आलो असतो, असं माझं मला वाटतं. वाटायला काय जातं म्हणा.

हे पत्र वहीतच राहील, ते घेऊन जाणारा पोस्टमन कुठं भेटायचा. पण लिहायला बसलोच आहे तर एक सांगून टाकतो. तू मागच्या दारानं का येतेस, ते मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. पुढून ये, एवढंच म्हणायचं होतं. चार वर्षांत म्हटलं नाही, कारण हेडमास्तरांचं घर अगदी समोर होतं.