खाडीला सांगितलेलं नाव

३ सप्टेंबर
पनवेलला आले. मावसभाऊ जोएलने त्याच्या सर्वेक्षण कार्यालयात नकाशे तपासायचं काम दिलं, विचुंब्याला तळमजल्यावर घरही. म्हणाला, रेबेकाताई, तुझ्याइतकं बारीक कुणी वाचत नाही. पंचेचाळिसाव्या वर्षीही कौतुकाने मी फुलते, हे लिहून ठेवते. पहिला नकाशा सुंदर आहे: खाडीचे निळे फाटे, मधलं गुरचरण, मिठागरांचे बांध.

९ सप्टेंबर
नव्या नकाशात एक फाटा नाही. तिथे नुसतं गुरचरण. जोएल म्हणाला, भराव होऊन वर्षं झाली, मी स्वतः चालून आलोय. सहीआधी जागा पायी बघायची, हा माझा वीस वर्षांचा नेम. तरी सही केली. विश्वास की आळस? दोन्ही असावं.

१२ सप्टेंबर
तो फाटा नकाशावर परत आला आहे. पण जुन्या जागी नाही, विचुंब्याकडे सरकलेला. छापील प्रतीवर तसाच, संगणकावर तसाच. जोएलला दाखवला. त्याने पाहिलंच नाही.

१४ सप्टेंबर
दुपारी जागेवर गेले. भराव ताजा, डंपरच्या चाकांचे व्रण ओले. बांधावर गोदूबाई भेटल्या. त्यांचं मिठागर इथेच होतं. माझं नाव ऐकून त्या चार पावलं मागे सरल्या. मग इथली रीत सांगितली. खाडी बुजवणाऱ्याने भरतीच्या वेळी बांधावर नारळ ठेवून स्वतःचं नाव सांगायचं. पाणी मग त्याच्या दारी जातं. दुसऱ्याचं सांगितलं, तर दुसऱ्याच्या.
“भराव जोएलशेटचा, पन नाव त्यानं तुजं सांगितलं, बाय. आमी समदे हुतो.”
केव्हा, विचारलं. श्रावणात. मला नोकरीसाठी फोन करायच्या आधी.

१५ सप्टेंबर
जोएलने नाकारलं नाही. शांतपणे म्हणाला, “ताई, मला दोन मुलं आहेत. तुझ्यामागे कोण आहे?”
सकाळपासून घरात फरशीतून खारं पाणी झिरपतंय. दुसऱ्याला असं पुढे करणं तो इतक्या सहज कधी शिकला?

१६ सप्टेंबर
सामान घेऊन लॉजवर आले. दुसरा मजला. नकाशात निळी रेघ लॉजच्या दारात. जिन्यावर चिखल — खेकडे —

१७ सप्टेंबर, सकाळ
बांधावर आहे. नारळ ठेवलाय. भरती चढतेय. पाणी घोट्यांशी. नाव सांगायचं की नाही — मी त्याच्यासारखी नाही — गुडघ्यांशी —

सांगितलं. जोएल. मोठ्याने, दोनदा.

पाणी थांबलं. वळलं. मला रडू नाही आलं, बरंच वाटलं. हेही लिहून —

फोन. त्याची धाकटी मुलगी, निरीत. म्हणते, आत्या, पप्पा बाहेर गेलेत, घरी आम्ही दोघंच, दाराखालून