खुर्चीचे पाय आणि माझे

तीर्थस्वरूप ताईला,

धाकट्याचा वाकून नमस्कार. (वाकलो मनातल्या मनात. कमरेतून वाकायला डॉक्टरांनी मनाई केली आहे. आशीर्वादही मनातल्या मनात दिलास तरी चालेल, पण दे.) तुझा गुडघा कसा आहे? भाऊजींचा खोकला? इकडे सगळं ठीक आहे, म्हणजे ठीक म्हणावं असं काही नाही, पण पत्राची सुरुवात रडगाण्याने करू नये असं आपले बाबा म्हणत, म्हणून रडगाणं खाली घेतलं आहे.

माझा खुबा मोडला ते तुला कळलंच असेल. कसा मोडला ते मात्र कुणाला सांगू नकोस. जन्मभर सुतारकी केली, लोकांच्या माळ्यांवर चढलो, शिडीच्या टोकावर उभं राहून छताला फळ्या ठोकल्या, आणि पडलो कुठे, तर चप्पल घालताना एका पायावर उभा राहिलो तिथे! डॉक्टरांनी आत सळई घालून स्क्रू पिळले. (किती नंबरचा स्क्रू म्हणून विचारलं, तर माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.) हाड जुळलं. मला वाटलं, सुटलो. तर व्यायाम शिकवणारी बाई आली, तिने मांडी चाचपली आणि म्हणाली, "आजोबा, हाड बसलंय, पण वरचं मांस गेलं की हो!" म्हातारपणी ते झिजतंच म्हणे, आणि अंथरुणाला खिळलं की भराभर झिजतं. आता ताई, मी इतके दिवस खाटेवरून हललो नाही, मग माझं मांस गेलं कुठे, आणि कोणाला विचारून?

तिचा उपाय एकच. अंडी खायची, दूध प्यायचं आणि खुर्चीवरून हात न टेकता उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. (गुरुजी याला शिक्षा म्हणत, ही औषध म्हणते. त्या शिक्षेपायीच मी चौथीत शाळा सोडली होती.) त्यात चिरंजीवांचं फर्मान आलं: बाबांना आपलं आपण उठता येत नसेल, तर कामाच्या खोलीला कुलूप लावून दोघांना माझ्याकडे घेऊन येतो. पोरगा मायेनेच बोलतो, नाही असं नाही. पण त्याच्या घरात ना रंधा, ना भुसा, नुसता एक मऊ सोफा. त्या सोफ्यात मी एकदा रुतलो की पुन्हा बाहेर निघणार नाही, हे मला चांगलं ठाऊक आहे.

मग डोकं चालवलं. पाय कमजोर, तर खुर्ची उंच करू. बसल्या बसल्या चारी पायांखाली ठोकळे बसवले, खिळा न मारता, नुसत्या खाचेत. झकास जमलं! टेकलो न टेकलो तोच उभा. (आमची ही त्यावर बसली की तिचे पाय अधांतरी, शाळेतल्या पोरीसारखे हलवत बसायची.) चार दिवस मी ऐटीत होतो. मग ती बाई आली, स्वतः बसून बघितलं आणि म्हणाली, "आजोबा, आणखी थोडी वाढवा, म्हणजे बसायलाच नको, उभ्यानेच टेकाल. अशाने उरलंसुरलं मांसही जाईल. काढा ते ठोकळे!"

ठोकळे निघेनात. खाच माझीच, ती कशाला सुटेल! मग करवत घेतली. आणि ताई, खुबा मोडला तेव्हा दुखलं नव्हतं एवढं इथे दुखलं. डोळे मिटून सरळ कापणारा मी, पहिलाच पाय तिरका कापला. मांडीतलं गेलं तसं दंडातलंही गेलंय, हे बाई बोलली नव्हती. खुर्ची डुगडुगायला लागली. ती डुगडुग घालवायला दुसरा पाय कापला, मग तिसरा, मग चौथा, मग पुन्हा पहिला. शेवटी ही ओरडली, "अहो, पुरे करा, आता पाट होईल तिचा!" थांबलो तेव्हा खुर्ची मूळच्यापेक्षा वीतभर खाली गेली होती. डुगडुग मात्र गेली, हे कबूल करायला हवं.

असो. थकलो आहे ताई. दुखण्याने नव्हे, दिवसभर स्वतःच्याच पायांची मनधरणी करून. भाऊजींना नमस्कार, पोराबाळांना आशीर्वाद.

तुझा,
धाकटा

ता. क. पत्र लांबलं म्हणून वैतागू नकोस. मी त्याच खुर्चीत बसलो आहे. सहज बसून बघितलं, आणि ही अंडी आणायला बाहेर गेली आहे.

आणखी ता. क. ही आली. "हात देऊ?" म्हणाली. नको म्हणालो, पत्र पुरं व्हायचंय. आता समोर बसून वाट बघते आहे, आणि मेली हसते आहे.

शेवटचं ता. क. खरं तर पत्र यासाठीच लिहिलं. पुढच्या रविवारी दुपारी चिरंजीव मला बघायला येतो आहे. त्या वेळी तू फोन कर. फोन दाराजवळच्या फळीवर असतो. तो मीच घेणार, याच खुर्चीतून उठून, त्याच्या देखत. बोलायला काही नसलं तरी चालेल, फक्त भरपूर वेळ वाजू दे. वाजून वाजून बंद झाला तरी कंटाळू नकोस, पुन्हा लाव. मी उठत असेन.