दाखल क्रमांक नसलेली कादंबरी

३ जुलै
नव्या शाळेतला पहिला दिवस झकास गेला. ग्रंथालय दुसऱ्या मजल्यावर, खिडक्या पटांगणाकडे. मुख्याध्यापकबाईंनी किल्ल्यांबरोबर कामही हातात ठेवलं: कथा-कादंबऱ्या लेखकवार लावल्यात, मुलांना काही सापडत नाही, तर प्रकारवार लावा. रहस्य, साहस, विनोद, भय, विज्ञान. चहा घेऊन आलेल्या शिपाईमावशी म्हणाल्या, आधीच्या बाई पुस्तकांना हातसुद्धा लावू द्यायच्या नाहीत, जणू अंगावरचे दागिने. मी पोट धरून हसले. जुन्या शाळेबद्दल कुणी काही विचारलं नाही. बरं झालं.

५ जुलै
नऊशे बारा पुस्तकं. रहस्याला निळी पट्टी, विनोदाला पिवळी, भयाला काळी. एका कादंबरीत भूतही आहे आणि लग्नही. मावशींचं मत, दोन्ही भयातच टाका.
एक पातळ हिरवं पुस्तक मुलांच्या हातात दिसतं, माझ्या हाती मात्र लागत नाही. दाखल क्रमांक नाही, रजिस्टरात नोंद नाही. मुलं परस्पर एकमेकांकडून घेतात.

६ जुलै
ते कोणत्या प्रकारचं, म्हणून विचारत फिरले. सातवीच्या मुली म्हणाल्या, भीतीचं. मुख्याध्यापकबाई वाचलंय म्हणाल्या आणि त्यांनी विषय बदलला. मावशींनी सांगितलं, एका ग्रंथपालबाईंची गोष्ट आहे, त्यांची पुस्तकं पावसात भिजतात. पुढचं न सांगता कप ठेवून गेल्या.

९ जुलै
आज लिहूनच टाकते. जुन्या शाळेत सुट्टीत ग्रंथालयाची खिडकी उघडी राहिली, दोन कपाटं भिजली. चौकशीत मी मदतीला येणाऱ्या आठवीतल्या मुलीचं नाव घेतलं. प्रार्थनेच्या वेळी तिला सगळ्यांसमोर उभं केलं. ती माझ्याकडे बघत राहिली. तिच्या वडिलांनी हात जोडून माझी माफी मागितली. मी मागू दिली. त्यानंतर ती शाळेत आली नाही. कुठे गेली, मी कधी विचारलं नाही.
खिडकी कुणी उघडी ठेवली, ते — असो.

१० जुलै
हिरवं पुस्तक आज टेबलावर होतं. काल इथे लिहिलेलं सगळं त्यात आहे. वडिलांनी चपला पायरीखाली काढल्या होत्या, तेही. ते तर मी लिहिलंच नव्हतं. शेवटची पानं भिजून चिकटलीत. काळी पट्टी लावून भयाच्या कप्प्यात मागे कोंबलं.

११ जुलै
परत टेबलावर. पट्टी सोललेली. विनोदात ठेवलं. मग कुलपात. परत टेबलावर — ओलं.
मुलं येतात, बसतात, माझ्याकडे बघतात. कुणी हसलं असतं तर —
मावशी हळूच म्हणाल्या, बाई, शेवट आम्ही सगळ्यांनी वाचलाय. तुम्हीच राहिलात.

१२ जुलै
चिकटलेली पानं सुटली. ती मुलगी कुठे गेली ते वाचलं. इथे लिहवत नाही.
हे माहीत असून मावशी मला रोज चहा देत होत्या.

१३ जुलै, सकाळी
नवी मांडणी समजावायला मला प्रार्थनेला बोलावलंय. खाली सगळे रांगेत. पुढे एक मुलगी एकटीच उभी. गणवेश आपल्या शाळेचा नाही. ओला आहे. मान वर करून — इकडेच.
सगळ्यांसमोर सांगणार आहे. आधी इथे लिहिते, म्हणजे मागे फिरता येणार नाही.
पटांगणात ती आता दिसत नाही.
जिन्यावर ओली पावलं —
त्या दिवशी खिडकी मी —