बक्कल नंबर चारशे सतरा

एकोडी, ता. ५ नोव्हेंबर १९७८

चि. भोजराजास आजीचे पोटभर आशीर्वाद.

तू विसरला असशील म्हणून सांगते, एकोडीले तुझी एक आजी आहे अन् ती अजून जित्ती आहे. दिवाळी गेली तरी चिठ्ठी नाही. नुसता फोटो, तोही आईच्या नावानं. हे पत्र तुझी चुलतबहीण तुळसा लिहून राहिली. माझ्या शिव्या गाळते, मले माहीत आहे.

भंडाऱ्याले पोलिसाच्या हापिसात कारकून लागलो, असं तू सांगितलं होतं. कारकुनाले कमरेले पट्टा कायले लागते? मले एक अक्षर येत नाही, पण पट्ट्यावरचे ते तीन आकडे येतात. तुझ्या बापाचं बक्कल दर ऐतवारी मीच चिंचेनं घासत होती. चारशे सतरा. तुळसाले विचारलं तर ती रडाले लागली. तुझ्या आईले, चंद्रकलेले विचारलं तर ती विझलेली चूल फुंकत बसली. म्हणजे घरात मीच तेवढी आंधळी.

तुझा बाप सानगडीच्या बाजारात भांडण सोडवाले गेला अन् कुऱ्हाडीचा घाव मानेवर घेऊन बैलगाडीत घरी आला, तवा तू पाळण्यात होता. तो नंबर वापस कर. नोकरीही. लगेच कळव.

तुझी आजी शकुनबाई (अंगठा)


भंडारा, ता. १४ नोव्हेंबर १९७८

ती. आजीस भोजराजचा शि. सा. न. वि. वि.

चुकलो. कारकुनाची जागा नव्हतीच. मीच सर्वांना गप्प राहायला सांगितलं, आईवर रागवू नकोस. इथे बाबांसोबतचे जुने हवालदार केशवराव आहेत. ते म्हणाले, एकवीस वर्षं हा नंबर कोणी घेतला नाही, सगळे भितात. म्हणून मी मागून घेतला. वाटलं, तुला अभिमान वाटेल.

आता तो वापस होत नाही, आजी, आणि नोकरी माझ्याने सोडवत नाही. पुढच्या आठवड्यापासून सानगडीच्या बाजारात बंदोबस्ताला आहे. दर आठवड्याला पत्र टाकीन. माया कमी करू नकोस.

तुझा भोजराज


एकोडी, ता. १९ नोव्हेंबर १९७८

चि. भोजराजास आशीर्वाद.

तुळसानं तुझी चिठ्ठी तीनदा वाचली. तिन्ही बार तेच निघालं. म्हातारीचा हुकूम सरकारात चालत नाही, घरातही नाही. अभिमान म्हणशील तर वाटला रे. पण भाकर गिळवत नाही.

दर आठवड्याची चिठ्ठी मले नको. तुझ्या बापाची शेवटची चिठ्ठी त्याले जाळून आल्यावर तिसऱ्या दिवशी आली. खुशाल आहे, बाजार झाला की घरी येतो, असं मास्तरानं वाचून दाखवलं. मी दोन दिवस दारात बसून होती. चिठ्ठीचा काय भरोसा?

आपल्या शेजारचा बाबूलाल दर बाजाराले सानगडीले जाते अन् सांजेले वापस येते. त्याच्याजवळ जिलेबी देत जा. आईले सांगू नको कायले ते. आठवण ठेवशील, एवढंच मागते.

तुझी आजी शकुनबाई (अंगठा)

ता. क. लाडू धाडू नको, ते पंधरा दिवस टिकतात. जिलेबीच पाठव, त्याच दिवशीची, तू सोता उभं राहून घेतलेली. शिळी असली तर मले हात लावताच कळते.