इटलीतलं तुमचं गाव

बाई, तुमच्या त्या इटलीतल्या गावाला मी जाऊन आले. तरुणपणी तुम्ही शिष्यवृत्तीवर तिथे सहा महिने राहिलात आणि पुढे नेरूळच्या शाळेत इतिहास शिकवताना आम्हाला त्याच गावात फिरवत राहिलात. डोंगरमाथ्यावरचा तट, दगडी वेस, चौकातली विहीर, चर्चमधली रंग उडालेली भित्तिचित्रं, आणि खाली दरीत रोमनांच्याही आधीच्या लोकांनी खडकात कोरलेल्या कबरी. नववीत मी हे सगळं घडाघडा म्हणून दाखवलं, तेव्हा तुम्ही म्हणालात, "तू पाठ करतेस गं. ती बघते." ती म्हणजे माझ्याच बाकावरची माझी मैत्रीण. तिने वहीत त्या वेशीचं चित्र काढलं होतं. कमान चांगलीच वाकडी होती, तरी तुम्ही ती वही स्टाफरूमभर फिरवलीत.

पुढे ती आर्किटेक्ट होऊन इटलीलाच गेली. मी इथेच, तुमच्यापासून दोन सेक्टर सोडून. तुम्हाला गुडघ्याच्या डॉक्टरकडे नेणारी मी, एपीएमसीतून हापूसची पेटी आणून तुमच्या पलंगाखाली आंबे पसरून ठेवणारी मी. आणि तुम्ही रिटायर झाल्यावर तुम्हाला तुमच्या गावाला परत घेऊन गेली ती. तिथून आल्यावर तुम्ही माझ्या ओट्याशी खुर्ची घेऊन बसलात. मी पोळ्या लाटतेय आणि तुम्ही मोबाइलवर फोटो दाखवताय. प्रत्येक फोटोत तिचा हात तुमच्या खांद्यावर. "पोटच्या लेकीसारखं केलं हो तिने," तुम्ही म्हणालात. माझी पोळी करपली. "लक्ष कुठेय तुझं?" तेही तुम्हीच विचारलंत.

या मे महिन्यात आम्ही दोघं नवरा-बायको टूरबरोबर गेलो, तेव्हा एक दिवस काढून मी एकटीच तिच्याकडे गेले. तिने मला तुमच्या गावाला नेऊन सगळं दाखवलं. खरं सांगते, गाव सुंदर आहे, पण मला ते धड बघताच येईना. "बाई इथे पायरीवर बसल्या." "या भिंतीला बाईंनी हात लावून पाहिला." "या विहिरीत बाईंनी लहान मुलीसारखी हाक मारली." जिथे जाईन तिथे तुम्ही तिच्याबरोबर आधीच येऊन गेलेल्या. खाली कबरींच्या थंडगार दगडी खोलीत, जिथे त्या लोकांनी मेलेल्यांसाठी दगडाच्याच उशा कोरल्यात, तिथे ती एकदम रडायला लागली. म्हणाली, "मीच यायला हवं होतं गं. शेवटी माझी आठवण काढली का त्यांनी?"

मी म्हणाले, "शेवटी त्यांना शुद्धच नव्हती."

बाई, तुम्हाला शुद्ध होती. बेलापूरच्या हॉस्पिटलात शेवटच्या आठवड्यात तुम्ही दोनदा म्हणालात, "तिला फोन लावून दे गं, एकदा बोलते." दोन्ही वेळा मी कॉरिडॉरमध्ये जाऊन नुसती उभी राहिले आणि परत येऊन सांगितलं, "लागत नाही, बाई." तिचे मेसेज तर रोज येत होते. मी तिला लिहीत होते, 'बऱ्या आहेत, टेन्शन घेऊ नकोस.' तुम्हाला चमच्याने पेज भरवत होते, केस विंचरत होते, आणि मला वाटत होतं, एवढे दिवस तरी माझे एकटीचे असू देत. दुसऱ्यांदा तुम्ही माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलंत. मग म्हणालात, "असू दे. दमली असशील, घरी जा."

तुम्हाला कळलं होतं का, हे मी किती वर्षं स्वतःला विचारतेय. कबरींच्या त्या खोलीत तिला जवळ घेताना सगळं ओठावर आलं होतं. पण तिने डोळे पुसले आणि म्हणाली, "नशीब, तू तरी होतीस त्यांच्याजवळ." ते ऐकून मला बरं वाटलं, बाई. अजूनही वाटतं.

हे पत्र खरं तर तिला लिहायला हवं. तिचा पत्ता माझ्याकडे आहे. तुमचा नाही, म्हणूनच तुम्हाला लिहितेय.