मंडळाच्या मॅचला सई लाइनवर

५ जानेवारी, रविवार
आमचं फुटबॉल मंडळ परत हरलं. एका पेनल्टीवर. बापूभावजी जिना चढतानाच सुरू झाले होते. "वहिनी, ठरवून दिली! रेफ्री सगळे नदीपलीकडचे. पेठेतली टीम वरच्या गटात खेळते हेच बघवत नाही त्यांना." सुहास मान डोलावत होता. दोघे भाऊ पोरवयापासून याच टीमचे. एक खेळला, एक अजून ती चालवतो.
आमची सई मटार सोलत म्हणाली, "काका, हात लागला होता बॉलला."
"तू गप गं. परीक्षा पास झालीस आणि लगेच त्यांची झालीस?"
सगळे हसले. सईसुद्धा. पण तिनं रेफ्रीची परीक्षा दिल्यापासून दोघे भाऊ तिच्यासमोर जरा जपूनच बोलतात. माझ्याच लक्षात येतं की तिच्याही?

९ जानेवारी, गुरुवार
सईला रविवारची मॅच लागली. लाइनवर, झेंडा घेऊन. आणि मॅच मंडळाची! तिनं लगेच असोसिएशनला फोन करून सांगितलं की टीमचे मॅनेजर माझे सख्खे काका आहेत. तिकडून उत्तर: माहीत आहे, पण माणसं कमी आहेत, आणि समोरच्या टीमची हरकत नाही.
भावजींनी पेढे आणले. खरोखर. "आता बघू कोण आपल्याला ऑफसाइड देतं ते."
सईनं पेढा घेतला नाही. मी घेतला. नको होता घ्यायला.

१२ जानेवारी, रविवार
लिहावंसं वाटत नाही, तरी.
एका गोलनं मागे होतो. मॅच संपत आलेली. लांब पास सुटला, आपला अर्णव धावला, बॉल जाळ्यात. सगळे उभे, भावजींनी कुणाला तरी मिठी मारलेली. आणि सईचा झेंडा वर. ऑफसाइड. गोल रद्द. हरलो.
मागून कुणीतरी, "चला, आता बाहेरच्यांची गरजच उरली नाही!"
भावजी सईकडे न बघता मैदानाबाहेर गेले. ते जास्त लागलं.
मी सईच्या बरोबर मागे बसले होते, त्याच रेषेत. पास सुटला तेव्हा अर्णव
नको.

१३ जानेवारी, सोमवार
सकाळी डबा भरताना सई म्हणाली, "आई, तू माझ्या मागेच होतीस. तुला काय दिसलं?"
"मला कुठे ऑफसाइड कळतं."
"लग्न झाल्यापासून मॅच बघतेस."
डबा उचलला, खराडीला ऑफिसला गेली.
कळतं मला. पास सुटला त्या क्षणी अर्णव पुढे नव्हता. अर्ध्या पावलानं का होईना, त्यांच्या शेवटच्या पोराच्या अलीकडे होता. पण माझी झोप उडाली आहे ती यानं नाही. मनात आलं, की आपण मंडळाच्या नाही हे चारचौघांत दाखवायला तर हिनं झेंडा वर केला नसेल? भावजी परक्या माणसांवर संशय घेतात. मी पोटच्या पोरीवर घेते आहे.

१५ जानेवारी, बुधवार
सुहास म्हणतो, "एकदा काकाला सॉरी म्हण, विषय संपव." सई: "कशाबद्दल?" "त्याचा गोल घेतलास." "बाबा, तो गोलच नव्हता." "मला नको शिकवूस. मी खेळलोय."
मंडळाच्या ग्रुपवर तिच्या फोटोला चष्मे चिकटवलेत. सुहास ग्रुप सोडत नाही. मी म्हटलं नाही सोड म्हणून.
बुधवार पेठेत अर्णवची आई भेटली. "अहो, तुमच्या सईचं कौतुक करावं तेवढं थोडं हं. आपलं परकं काही बघत नाही पोरगी." आणि गोड हसली.
सई आज जेवताना म्हणाली, बहुतेक सोडून देईन हे. सुहासनं भात वाढून घेतला. मी त्याला आमटी दिली.

१८ जानेवारी, शनिवार
सांगितलं शेवटी. ती गॅलरीत बुटांचा चिखल काढत होती.
"सई, मला तो गोल वाटला."
हात थांबला नाही. "मग सोमवारी का नाही बोललीस?"
"तुला बरं वाटावं म्हणून."
"म्हणजे तूही माणूस बघून निकाल दिलास."
मी दुसरा बूट पुसायला घेतला. मग तीच म्हणाली, "आई, मला खरंच माहीत नाही. पास सुटायच्या आत काका मागून ओरडले, 'सई, बघ हं!' एक क्षण मान तिकडे गेली. परत बघितलं तर अर्णव पुढे होता. पण तोपर्यंत पास सुटून..."
ओरडले होते. मीही ऐकलं होतं. त्यांचं ओरडणं इतकं रोजचं, की ते मोजलंच नाही.
"भावजींना सांगू?"
"नको. त्यांना वाटेल, मी त्यांच्यावर ढकलते."
मी तिच्यावर मनात ठेवलेला आरोप वेगळा होता. तो तिला सांगितला नाही. सांगणारही नाही बहुतेक.

२१ जानेवारी, मंगळवार
रविवारी शेवटची मॅच. हरलो तर मंडळ खालच्या गटात. पुन्हा सईलाच विचारलंय, या वेळी नाही म्हणायची मुभा आहे. उद्या दुपारपर्यंत कळवायचं.
संध्याकाळी भावजी वर आले. त्या दिवसानंतर पहिल्यांदा. बसले नाहीत.
"सई, नाही म्हणून कळव. हरलो तर तुझ्यामुळे म्हणतील. जिंकलो तर तुझ्यामुळेच म्हणतील."
"आणि तुम्ही काय म्हणाल, काका?"
ते चपलांकडे बघत राहिले. "मी ओरडणार. मला गप्प बसता येत नाही, तुला माहितेय."
"माहितेय."
चहा न घेता उतरले.
सई फोन हातात घेऊन बसली होती. काही लिहीत नव्हती. मग मला म्हणाली, "आई, रविवारी तू परत तिथेच बसशील?"
"तू जाणार आहेस?"
"ते नाही विचारलं मी."
बसेन, म्हटलं. विचारलंस की लगेच सांगेन, काय दिसलं ते, हेही म्हणायचं होतं. तोवर ती आत गेली.