पहिलं बोट

शॉमबर्ग,
१५ जानेवारी १९८४

ती. बाबांस,
नीलाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

परवा फोनवर मी विचारत होते एक आणि तुम्ही ओरडून सांगत होता बर्फाचं. अख्खा कॉल तुमच्या हॅलो हॅलोतच संपला. गिरीश म्हणतो, कानातलं मशीन तुम्ही कपाटात ठेवता, कारण ते लावलं की तुम्ही म्हातारे दिसता. कमाल आहे बाबा तुमची! तेव्हा पत्रच बरं.

आमच्या कंपनीत छपाईच्या शाया बनतात हे तुम्हाला माहीतच आहे. आता माझ्याकडे वेगळंच काम आलंय. मध्य अमेरिकेतल्या एका छोट्या देशात लढाई चालू आहे, आणि त्यातच मार्चअखेर निवडणूक. ती सरळ व्हावी म्हणून इथलं एक अमेरिकन मंडळ मदत करतंय. पेट्या, कागद, ट्रेनिंग आणि बोटाला लावायची शाई, सगळं इथून जाणार. देशाचं नाव पत्रात लिहायचं नाही अशी आम्हाला ताकीद आहे, म्हणून लिहीत नाही.

तिथल्या एका खेड्यातली हेडमास्तरीण ट्रेनिंगला आलीय, एल्विरा तिचं नाव. आमच्याकडेच उतरलीय. तुमच्यासारखीच, शाळा सांभाळून निवडणुकीची ड्यूटी. वरणभातावर लिंबू पिळून घेते आणि माझ्या भाकरीला नावं ठेवते, म्हणजे घरचीच झाली.

प्रश्न असा. शाई दोन तऱ्हेची करता येते. एक दिसत नाही, खास दिव्याखालीच दिसते. एल्विराला ती हवी. तिथे डोंगरातले बंदूकवाले म्हणतात मत देऊ नका, आणि गावातले बंदूकवाले म्हणतात दिलंच पाहिजे. बोटावर खूण दिसली की माणूस कुणाच्या तरी तावडीत सापडतो, असं ती म्हणते. पण ती न दिसणारी शाई मी लिंबाने घासली तर साफ गेली! म्हणजे एकाने चारदा मत द्यावं. दुसरी आपल्याकडची, काळी, न निघणारी. महिनाअखेरीच्या आत मला मंडळाला मत कळवायचंय. तुम्ही इतक्या निवडणुका पार पाडल्यात. तुम्ही काय म्हणता?

कांचनला सांगा, मेतकूट मिळालं. दीपाला पापा. तुमचा लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर असावं.

तुमची,
नीला


ईडन प्रेरी,
१९ जानेवारी १९८४

॥ श्री ॥

चि. सौ. नीलास,
अनेक आशीर्वाद. इकडील सर्व ठीक, फक्त दाराबाहेर जग नाही, नुसतं पांढरं.

तुझं पत्र वाचून तरतरी आली बघ. इथे मला विचारतं कोण? गिरीश विचारतो, बाबा टीव्ही लावू का. दीपाला मराठीत काही विचारावं तर ती इंग्रजीत उत्तर देऊन पळते.

काळी शाई. यात विचार करण्यासारखं काय आहे? हातच्या कांकणाला आरसा कशाला आणि बोटावरच्या शाईला दिवा कशाला? जी खूण लपवावी लागते ती खूणच नव्हे. दिवा ज्याच्या हातात, निवडणूक त्याच्या हातात, हे त्या मंडळाला माझ्या नावाने सांग.

भीतीचं म्हणशील तर भीती आम्हीही पाहिली आहे. बावन्न साली आर्वीजवळच्या एका खेड्यात मला केंद्रावर पाठवलं होतं. निवडणुकीची ती माझी पहिलीच ड्यूटी. बायका शाईला भ्यायल्या. कुणीतरी उठवलं होतं की बोट झडतं, दूध आटतं. सगळ्या बाहेर उभ्या, आत एकही येईना. मी काय केलं? (तुला पाठ आहे, तरी ऐक.) बाहेर ओट्यावर गेलो, सगळ्यांदेखत स्वतःच्या बोटाला शाई लावली आणि हात वर केला. एक म्हातारी पुढे आली आणि मग जी रांग लागली ती दिवे लागेपर्यंत. नियमात ते बसत नव्हतं. पण कलेक्टरांनी पाठ थोपटली.

एल्विराबाईंना हे नीट समजावून सांग. म्हणावं, पहिलं बोट मास्तरचं. मास्तर भ्याला नाही की गाव भीत नाही. सोबतच्या कागदावर सगळी हकीकत इंग्रजीत लिहिली आहे, तो त्यांच्यासाठी.

आणि त्या शाईची एक बाटली मला पाठव. मी तपासल्याशिवाय तुझ्या कंपनीवर माझा भरवसा नाही.

विवेकरावांना आशीर्वाद. ममता आहे ती आहेच, ती काय लिहायची.

तुझा,
बाबा


शॉमबर्ग,
१२ फेब्रुवारी १९८४

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार.

जिंकलात! मंडळाने काळी शाई मान्य केली. मी टेबलावर लिंबू चिरून प्रयोगच करून दाखवला, आणि वर तुमचं कांकणाचं वाक्य इंग्रजीत ठोकून दिलं. दिव्याचा मुद्दा तर त्यांना फारच पटला.

एल्विरा परवा परत गेली. तुमचा कागद मी तिला वाचून दाखवला. मग तिने एकच विचारलं, की मतदान झाल्यावर बावन्न साली त्या गावात रात्री घरोघर कोण आलं होतं. मी म्हटलं, कुणीच नाही. ती म्हणाली, नशीबवान गाव. पण तुमचा कागद तिने घडी घालून पर्समध्ये ठेवला. जाताना माझ्या गळ्यात पडून रडली, मीही रडले.

मार्चमध्ये निरीक्षकांबरोबर मीही जातेय. विवेक धुसफुसतोय. म्हणतो, शाई दिलीस ना, आता जीवही द्यायचा आहे का. तुम्हीच त्याला दोन शब्द लिहा, तुमचं ऐकतो.

बाटली वेगळ्या पार्सलने पाठवलीय. एक थेंब पुरे, बाबा. गंमत म्हणून अख्खं बोट बुडवू नका.

आशीर्वाद असू द्या, या खेपेला जरा जास्तच.

तुमची,
नीला


ईडन प्रेरी,
२६ फेब्रुवारी १९८४

चि. सौ. नीलास,
अनेक आशीर्वाद.

बोट बुडवलं! कांचन आता मला कणकेला हात लावू देत नाही, म्हणजे पूर्वी फार लावत होतो असं नव्हे. लिंबू झालं, साबण झाला, गिरीशच्या गॅरेजमधलं पेट्रोल झालं, शाई हटत नाही. शाबास पोरी. तुझ्या आईला हे बघायला मिळायला हवं होतं.

काल इथल्या मराठी मंडळाची संक्रांत झाली. (यांची संक्रांत सुट्टी बघून येते.) तिळगूळ घेताना मुद्दाम तेच बोट पुढे करत होतो. सगळे विचारत आणि मी सांगत होतो, माझ्या लेकीने एका देशाला शाई दिली. दोघातिघांना बावन्न सालही सांगून झालं. गिरीश लांबून हातवारे करत होता, मी तिकडे बघितलं नाही.

विवेकरावांना वेगळं लिहिलं आहे. जिवाला जप. एल्विराबाईंना नमस्कार सांग आणि आल्यावर सगळं बैजवार लिही, पहिलं बोट कुणाचं ते विसरू नकोस. मी वाट बघतो.

तुझा,
बाबा


शॉमबर्ग,
१० एप्रिल १९८४

ती. बाबांस,
शि. सा. नमस्कार, वि. वि.

मी सुखरूप परत आले. प्रवास चांगला झाला. काळजी नसावी.

मतदान व्यवस्थित झालं. रांगा मोठ्या होत्या. ऊन फार होतं. लोक शांतपणे उभे होते. परतल्यावर वॉशिंग्टनला मंडळाची बैठक झाली आणि निवडणूक एकंदरीत सुरळीत पार पडल्याच्या रिपोर्टवर आम्ही सगळ्यांनी सह्या केल्या.

एल्विरा मजेत आहे. तिने तुम्हाला नमस्कार सांगितला आहे. सध्या तिकडचं टपाल बंद आहे, त्यामुळे तिचं पत्र लगेच येणार नाही. वाट बघू नये.

हवा आता निवळली असेल. फिरायला जात जा, कानातलं मशीन लावत जा. बाकी सर्व क्षेम. तुमचा आशीर्वाद असावा.

तुमची,
नीला


ईडन प्रेरी,
२१ एप्रिल १९८४

ती. नीलाताईस,
सा. नमस्कार.

तुझं पत्र ऑफिसच्या पत्त्यावर पाठवलंस ते बरं केलंस. लंच टाइममध्ये गाडीत बसून वाचलं आणि मग मीटिंग कॅन्सल केली. काय लिहू, ताई? बाजारातून येणारी साधी बस, ती अडवायची, सगळ्यांना खाली उतरवून हात पुढे करायला लावायचे, आणि ज्यांचं बोट काळं त्यांना बाजूला घेऊन गोळ्या घालायच्या. शाळेच्या वह्या आणायला गेलेली बाई गं ती एल्विरा! कुणी केलं हेसुद्धा कळणार नाही म्हणतेस. हे म्हणतात त्यांनी, ते म्हणतात यांनी.

सही मागे घेण्याचं मंडळाने हसण्यावारी नेलं याचं मला नवल वाटत नाही. रिपोर्ट छापून गेला म्हणतात ना? संपलं. यार, इथे कुणाला पडलीय.

बाबांना सांगायचं नाही हे कबूल. पण माझी हालत बघ. रोज दुपारी ते पोस्टमनच्या गाडीपाशी जाऊन उभे राहतात. शाई जरा फिकी झाली की बाटलीत बोट पुन्हा बुडवतात. एल्विराला इंग्रजीत पत्र लिहितायत, स्पेलिंग दीपाला विचारतात. तीही बिचारी शहाण्यासारखी सांगते. मला ते बघवत नाही. कांचनला सांगितलंय, ती डोळे पुसत फिरते आणि म्हणते कांदा.

तू स्वतःला खाऊ नकोस. जेवत जा. तुझ्या भावाला तुझी काळजी आहे एवढं लक्षात ठेव.

तुझा,
गिरीश


ईडन प्रेरी,
२ मे १९८४

चि. नीला,
आशीर्वाद.

तू लहानपणी खोटं लिहिलंस की तुझं अक्षर सुंदर यायचं. सहलीला जायचं म्हणून पोटदुखीची चिठ्ठी लिहिली होतीस, ती मोत्यासारखी होती. दहा एप्रिलचं तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा पाहिलं. एक खाडाखोड नाही. शाईबद्दल एक अक्षर नाही. पहिल्या बोटाबद्दल नाही. पस्तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्या आहेत मी.

काल गिरीशला समोर बसवून विचारलं. तो रडला. त्याला बोल लावू नकोस.

मला वाटलं, भीती सगळीकडे सारखीच. आमच्या बायाबापड्या शाईला भीत होत्या. तिची माणसं माणसांना भीत होती. तिने ते तुला सरळ सांगितलं, तू मला सरळ लिहिलंस. मी पेपर न वाचताच मार्क देऊन मोकळा झालो. वर फुशारकी मारत हिंडलो. तिला मुलंबाळं होती का, हे मी विचारलंही नाही. रात्री कोण आलं होतं हे तिने विचारलं, तेव्हाच मला कळायला हवं होतं. मला ऐकू येत नाही हे खरं, पण वाचता तर येत होतं!

एकच कळव. माझी शपथ आहे, खोटं लिहू नकोस. पहिलं बोट तिचं होतं का?

बाबा


शॉमबर्ग,
८ मे १९८४

ती. बाबांस,
नमस्कार.

हो. तिचंच होतं.

सकाळी शाळेसमोर गाव जमलं होतं, पण झाडाखालून कुणी हलेना. एल्विराने पर्समधून तुमचा कागद काढला आणि त्यांच्या भाषेत मोठ्याने वाचला. बावन्न साल, म्हातारी, सगळं. लोक हसले. मग तिने बोट बुडवलं, चांगलं पेरापर्यंत, आणि हात वर केला. माझ्याकडे बघून हसली. पहिली एक म्हातारीच पुढे आली, बाबा. मग रांग लागली ती संध्याकाळपर्यंत. मी तुम्हाला हे किती आनंदाने सांगणार होते!

तिला एक मुलगी आहे, दीपाएवढी. आता आजीकडे आहे. मुलीचं बोट कोरं होतं, म्हणून तिला त्यांनी बसमध्ये परत बसवलं.

मंडळाचा रिपोर्ट आलाय. मुखपृष्ठावर एल्विराचा फोटो आहे, हात वर केलेला. खाली तिचं नावही नाही. आत शाईचं स्वतंत्र कौतुक आहे, आणि तीच शाई आणखी एका देशाला हवी म्हणून माझ्या टेबलावर मागणी येऊन पडलीय. मी नाही म्हटलं तर दुसरं कुणी करेल. न दिसणारी द्या म्हणावं, तर ती लिंबाने जाते. मला काहीच सुचत नाही, बाबा. तुम्हाला विचारावं असं वाटलं, आणि मग विचारवेना.

लोभ असावा असं लिहायला या खेपेला हात धजत नाही, तरी असावा.

गिरीशचा सकाळी फोन आला होता. म्हणाला, तुम्ही बाथरूममध्ये बसून दगडाने बोट घासताय, रक्त आलं तरी ऐकत नाही. बाबा, घासू नका. ती शाई निघत नाही. मी स्वतः तपासून दिली होती.

तुमची,
नीला